आईच्या खोलीचा रंग, गडद की फिका : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

नागपूरच्या प्रतापनगरातील आमच्या घराची दक्षिणेकडची खोली आता आईची होणार असल्याने तिचे रंगकाम या हिवाळ्यातच करून घ्यायचे ठरले आहे. खोली १२ फूट बाय ११ फूट आहे आणि उंची १० फूट आहे. दक्षिणेच्या भिंतीत ४ फूट रुंद व साडेचार फूट उंच अशी एकच खिडकी, तिच्या समोर उत्तरेच्या भिंतीत दार, पूर्वेची भिंत स्वयंपाकघराला लागून, पश्चिमेची भिंत बाहेरची पण बिनखिडकीची, आणि वर थेट गच्ची. खाली राखाडी मोझॅक फरशी आहे. भिंतींवर पिस्ता रंगाचे जुने डिस्टेंपर असून खिडकीखाली त्याचे पोपडे सुटले आहेत.

घरात दोन मते आहेत. पुण्यातील धाकट्या भावाने नुकतीच स्वतःच्या फ्लॅटमध्ये एक भिंत गडद निळी करून घेतली आहे. आईच्या खोलीतही पश्चिमेची भिंत तशीच करावी, म्हणजे खोलीला भारदस्तपणा येईल, असे त्याचे म्हणणे आहे. आईला मात्र चारही भिंती पांढऱ्या हव्या आहेत. ती निवृत्त शिक्षिका असून दिवसातील बराच वेळ वाचनात घालवते. तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये झाली, डावा डोळा पावसाळ्यानंतर करायचा आहे. या खोलीत तिचा दिवस जाणार असल्याने निर्णय शेडकार्डावर बोट ठेवून घ्यायचा नाही, प्रत्येक भिंतीवर प्रकाश कसा येतो ते पाहून घ्यायचा, असे मी ठरवले आहे आणि त्यासाठीच या नोंदी ठेवत आहे.

८ जानेवारी

आज फक्त ऊन पाहिले. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो. खिडकीवरचा छज्जा दीड फुटांचा आहे. छज्जाखालून येणारे ऊन दुपारी साडेबाराच्या आधी फरशीवर खिडकीपासून पावणेतीन फुटांवर सुरू होते आणि साडेपाच फुटांपर्यंत पोहोचते. तेथून उसळलेला प्रकाश उत्तरेच्या भिंतीवर आणि छतावर जातो, आणि खोली या दिवसांत प्रसन्न दिसते.

मात्र जानेवारीची ही प्रसन्नता पाहून रंग ठरवला तर मे महिन्यात पस्तावण्याची वेळ येईल. २६ मेच्या सुमारास येथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या मध्यानंतर लगेच पुन्हा एकदा येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन येतच नाही. अंगणातील जमिनीवरून परतलेला प्रकाश तेवढा आत येतो, आणि तो खालून वर जात असल्याने आधी छतावर पडतो. त्यात भर म्हणजे आपल्याकडचा कूलर. मार्चअखेर तो खिडकीला लागला की खिडकीचा निम्मा भाग झाकला जातो, आणि उरलेल्या भागावर दुपारच्या झळा टाळण्यासाठी पडदा येतो. ज्या ऋतूत बाहेर डोळे दिपवणारा उजेड असतो त्याच ऋतूत नागपूरच्या घरातील खोल्या सर्वांत अंधाऱ्या असतात. रंगाची परीक्षा त्या दिवसांत होणार, हे गृहीत धरून पुढचा हिशेब करायचा आहे.

११ जानेवारी

गडद आणि फिका हे शब्द सैल आहेत, म्हणून आज त्यांना आकडे दिले. रंगावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड परततो, हे एलआरव्ही या ० ते १०० च्या मोजपट्टीवर सांगितले जाते. काही कंपन्यांच्या शेडकार्डावर तो आकडा छापलेलाही असतो. चांगल्या पांढऱ्या रंगाचा एलआरव्ही ८५ च्या आसपास असतो, फिक्या ऑफव्हाइटचा ७५ धरता येतो, आणि भावाला हव्या असलेल्या गडद निळ्यासारख्या शेडचा १२ किंवा त्याहूनही कमी.

एका भिंतीचा रंग फक्त त्या भिंतीपुरता नसतो, कारण खिडकीतून आलेला उजेड एकदाच पडून संपत नाही. तो छतावरून भिंतीवर, भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून पुन्हा भिंतीवर असा फिरत राहतो आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा गळतो. खोलीतील सर्व पृष्ठभागांचे सरासरी परावर्तन काढले की या फिरत्या उजेडाची बेरीज करता येते. भिंती ७५, छत ८५, मोझॅक फरशी ३०, जुने सागवानी दार १५ आणि खिडकीची काच १० असे धरून क्षेत्रफळांनुसार सरासरी काढली, तर ती ६५ टक्क्यांच्या किंचित वर येते. म्हणजे आत आलेल्या उजेडाच्या १०० भागांपैकी ६५ परततात, त्यातील सुमारे ४२ पुन्हा परततात, मग २७, आणि असे करत एकूण फिरता उजेड १८८ भागांपर्यंत जातो. चारही भिंती १२ एलआरव्हीच्या गडद रंगाच्या केल्या, तर सरासरी २९ टक्क्यांच्या खाली घसरते आणि हीच बेरीज अवघी ४० भाग होते, म्हणजे जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते.

भाऊ एकाच भिंतीबद्दल बोलत असल्याने तोही हिशेब केला. पश्चिमेची ११ फूट बाय १० फुटांची एक भिंत तेवढी गडद केली, तर बेरीज सुमारे १२६ येते. एका भिंतीने फिरत्या उजेडाचा एक-तृतीयांश हिस्सा शोषला, हे मला अपेक्षेपेक्षा फारच जास्त वाटले. हा सरासरीचा ढोबळ हिशेब आहे आणि प्रत्यक्षात कोणती भिंत खिडकीच्या समोर आहे यावर तो बदलेल, तरीही निर्णयाला पुरेल इतका तो विश्वासार्ह आहे. मे महिन्यात खिडकीचा निम्मा भाग कूलरने अडवल्यावर उरलेल्या उजेडातील तिसरा हिस्सा रंगाला देणे परवडणारे नाही.

१४ जानेवारी

संक्रांतीला भाऊ घरी आला होता. शेडकार्ड घेऊन आम्ही तिघे खिडकीपाशी बसलो, आणि आजवर ज्याचा विचारच झाला नव्हता ती गोष्ट आईने सांगितली. पांढऱ्याची एकच पट्टी तिला उजव्या डोळ्याने पाहिली की निळसर पांढरी दिसते आणि डाव्या डोळ्याने पाहिली की जुन्या कागदासारखी पिवळट दिसते. मोतीबिंदू झालेले भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होत जाते आणि निळा-जांभळा प्रकाश सर्वांत जास्त अडवते. शस्त्रक्रियेनंतर बसवलेले नवे भिंग स्वच्छ असल्याने तो प्रकाश पुन्हा आत येतो. त्यामुळे एक डोळा झालेला आणि एक राहिलेला असलेल्या माणसाला काही महिने दोन वेगळी जगे दिसत असतात.

मग आम्ही शेडकार्डातील एकेक गडद शेड तिला आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहायला सांगितली. भावाचा निळा उजव्या डोळ्याला तेजस्वी निळा दिसला, डाव्या डोळ्याला काळपट राखाडी. गडद हिरव्यातही फरक होता, पण कमी. विटकरी आणि गेरूच्या शेडमध्ये मात्र दोन्ही डोळ्यांची उत्तरे जवळजवळ सारखी आली. त्याचे कारण उघड आहे. गेरूचा रंग मुख्यतः तांबड्या-नारिंगी प्रकाशाने बनतो आणि तो प्रकाश पिवळ्या भिंगातूनही फारसा न घटता पार होतो. भावाने स्वतःहून निळ्याचा आग्रह सोडला. त्याच्या फ्लॅटमधील ती खोली संध्याकाळी पडद्यावर चित्रपट पाहण्यासाठी आहे, भिंतीवरून परतणारा उजेड तेथे चित्रात व्यत्यय आणतो आणि गडद भिंत योग्यच ठरते, हेही येथे लिहून ठेवते, कारण गडद रंग मुळातच वाईट असे या नोंदींतून निघू नये.

वयाचाही प्रश्न आहे. साठीतल्या माणसाची बाहुली लहान झालेली असते आणि भिंग गढुळलेले असते, म्हणून त्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच उजेड पोहोचतो. आई त्याही पुढच्या वयात आहे. तिला पांढऱ्या भिंती हव्याशा वाटतात त्यामागे ही गरज असावी, केवळ आवड नव्हे.

१५ जानेवारी

काल रात्री आईने तिच्या माहेरच्या, महाल भागातील घराबद्दल सांगितले. तेथे भिंतींना वर नीळ घातलेला चुना असे आणि खाली गेरूचा पट्टा असे, आणि पाठ टेकून बसणाऱ्यांच्या तेलकट डागांची चिंता त्या पट्ट्यामुळे कोणालाच नसे. गडद की फिका या प्रश्नाचे उत्तर आपल्या जुन्या घरांनी कधीच देऊन ठेवले आहे असे मला वाटते. हात, पाठ, पाय आणि झाडू जेथे लागतात तेथे गडद, उजेड जेथून फिरायचा असतो तेथे पांढरे. शाळा आणि दवाखान्यांतील ऑइलपेंटचे खालचे पट्टे त्याच विचाराने आलेले आहेत.

आईचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागणार आहे. ती पलंगावर उशी लावून भिंतीला टेकून वाचते, तेव्हा डोके साधारण चार-सव्वाचार फुटांवर येते. म्हणून पश्चिमेच्या भिंतीवर फक्त साडेचार फुटांपर्यंत गेरू आणि बाकी सर्व ऑफव्हाइट, अशी योजना कागदावर मांडली. या पट्ट्याने फिरत्या उजेडाचा सुमारे सहावा हिस्सा जातो. तो काही अंशी परत मिळवण्याचा एक मार्ग सुचला आहे : जुन्या सागवानी दाराची फक्त फळी फिक्या रंगाची करायची आणि चौकट गडदच ठेवायची. त्यामुळे एकूण तूट आठव्या हिश्श्याहून थोडी कमी होते. पॉलिश केलेले सागवान रंगवणे मला एरवी मान्य झाले नसते, पण या दाराचे पॉलिश आधीच उडालेले आहे आणि त्याच्या खालच्या फळीला वेगळे लाकूड जोडलेले आहे.

१९ जानेवारी

गांधीबागेतील दुकानातून नमुन्यांसाठी लहान डबे आणले आणि २ फूट बाय २ फुटांच्या हार्डबोर्डच्या पाट्यांवर दोन-दोन हात मारून घेतले. भिंतीवरच पट्टे ओढून पाहण्याची रीत मी मुद्दाम टाळली. एखादा रंग कसा दिसतो हे त्याच्या शेजारच्या रंगावर अवलंबून असते. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या शेव्ह्रल यांनी १८३९ मध्ये हे पद्धतशीर मांडले होते, कारण तेथील काळ्या धाग्यांबद्दलच्या तक्रारींचे मूळ धाग्याच्या रंगात नसून त्याच्या शेजारच्या धाग्यांत सापडले होते. आमच्या पिस्ता भिंतीवर कोणताही ऑफव्हाइट ठेवला की तो गुलाबीकडे झुकतो. म्हणून प्रत्येक पाटीच्या कडेने चार बोटे पांढरी पट्टी सोडली, म्हणजे पाटी जुन्या रंगापासून तुटून दिसते.

ओल्या रंगावरून निष्कर्ष काढू नये, हे येथे नोंदवून ठेवते. इमल्शन ओले असताना त्यातील दुधाळ बाइंडरमुळे, म्हणजे रंगद्रव्याला धरून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे, फिके दिसते आणि वाळले की बाइंडर पारदर्शक होऊन रंग गडद होतो. चुना आणि डिस्टेंपर याच्या नेमके उलट वागतात, ओले असताना गडद आणि वाळल्यावर फिके. ज्यांनी आयुष्यभर चुन्याचे काम पाहिले आहे त्यांचा इमल्शनच्या बाबतीत अंदाज यामुळेच चुकतो.

२३ जानेवारी

पाट्या सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून पाहण्याचे काम गेले काही दिवस चालू होते. ऑफव्हाइटच्या तीन शेडपैकी राखाडीकडे झुकणारी शेड दक्षिणेच्या भिंतीवर अगदीच मळकी दिसते. खिडकी असलेल्या भिंतीवर थेट उजेड पडत नाही आणि तिच्या मधोमध आकाशाचा लखलखीत चौकोन असतो, म्हणून ती भिंत आहे त्याहून काळवंडलेली भासते. याच कारणाने खिडकीची भिंत कधीही गडद करू नये असे माझे मत पक्के झाले आहे. उजळ खिडकी आणि काळी भिंत यांच्यातील तफावत जितकी मोठी, तितका डोळ्यांना त्रास, आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात उजेड विखुरत असल्याने हा त्रास आणखी वाढतो. खिडकीच्या आतल्या बाजूची नऊ इंच जाडीची कड शुद्ध पांढरी करायची, म्हणजे आकाश आणि भिंत यांच्यामध्ये एक मधली पायरी तयार होते.

दिव्याचा परिणाम मोठा आहे. सध्याची ट्यूब ६५०० केल्व्हिनची, निळसर पांढरी आहे आणि तिच्या उजेडात गेरू तपकिरी, निस्तेज दिसतो. २७०० केल्व्हिनच्या पिवळ्या बल्बखाली तो फार तापलेला वाटतो आणि ऑफव्हाइट साय धरल्यासारखा दिसतो. ४००० केल्व्हिनची एलईडी ट्यूब दोघांनाही न्याय देते, म्हणून तीच लावायची आणि वाचनासाठी पलंगाशी वेगळा दिवा द्यायचा. निवडलेली शेड दुकानातील दिव्याखाली जुळली आणि घरी जुळली नाही, असे लोक अनेकदा सांगतात. त्यामागे बहुधा हेच असते : दोन रंग एका प्रकाशात एकसारखे दिसूनही दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. भावाने फोनवर व्हिडिओतून पाट्या पाहायला मागितल्या, पण फोनचा कॅमेरा प्रत्येक दृश्यात पांढरा रंग स्वतःच दुरुस्त करून घेतो, त्यामुळे त्याला दिसलेले रंग निर्णयासाठी धरले नाहीत.

शेवटी किंचित उबदार, पिवळ्याकडे जेमतेम झुकलेला ऑफव्हाइट निवडला. आईच्या उजव्या डोळ्याला तो पांढरा वाटतो, डाव्याला फिका मलई. दोन्ही उत्तरे तिला मान्य आहेत, आणि डावा डोळा झाल्यावर खोली अचानक परकी वाटणार नाही.

२५ जानेवारी

शेजारच्या काकूंनी गेरूचा पट्टा ऐकून विचारले की पश्चिमेची भिंत आधीच तापते, त्यात गडद रंग लावल्यावर खोली आणखी गरम होणार नाही का. हा समज नागपुरात सर्वत्र आहे आणि त्याच्या मागे खरा अनुभव आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहिते.

ऊन थेट ज्या पृष्ठभागावर पडते त्याचा रंग महत्त्वाचा असतो. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आणि गच्चीवर पांढरा रंग बहुतेक ऊन परतवतो, गडद रंग बहुतेक शोषतो, आणि शोषलेली उष्णता नऊ इंची विटांच्या भिंतीतून काही तासांनी आत उतरते. पश्चिमेची भिंत रात्री नऊ-दहा वाजता आतून हाताला गरम लागते ती यामुळे. भिंतीच्या आतल्या रंगाचा यात जवळजवळ काहीच वाटा नाही. तापलेली भिंत खोलीत जी उष्णता फेकते ती डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते, आणि त्या किरणांसाठी पांढरे व गडद साधे रंग सारखेच वागतात, दोघेही साधारण ९० टक्के क्षमतेने उत्सर्जन करतात. खिडकीतून थेट ऊन आतल्या गडद भिंतीवर पडत असते तर थोडा फरक पडला असता, पण मे महिन्यात ते पडतच नाही.

त्यामुळे उष्णतेसाठीचा खर्च आतल्या रंगावर न करता गच्चीवर पांढरा परावर्तक लेप आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पांढरा एक्स्टिरिअर रंग यांवर करायचा. दोन्ही कामे मार्चमध्ये घ्यायची आहेत.

२८ जानेवारी

पेंटर येऊन भिंती पाहून गेले. हे गृहस्थ अनुभवी आहेत आणि त्यांचे बोलणे मोजके असते. गेरूच्या पट्ट्याबद्दल त्यांनी एकच सांगितले : "डार्क कलर भिंतीची चुगली करते ताई, पुट्टीवर मेहनत करावी लागन." ते खरे आहे. दक्षिणेच्या खिडकीतून येणारा उजेड पश्चिमेच्या भिंतीवर तिरका घासत जातो, आणि तिरक्या उजेडात पुट्टीची प्रत्येक लाट सावली धरते. फिक्या रंगात ती सावली भिंतींमधील उजेडाने भरून निघते, गडद रंगात ती तशीच राहते.

गडद रंगाचा दुसरा धोका खार फुटण्याचा आहे. ओल भिंतीतून वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार पांढऱ्या पुडीसारखे बाहेर राहतात. ऑफव्हाइटवर ते महिनोन्‌महिने लक्षातही येत नाहीत, गेरूवर पहिल्याच दिवशी दिसतात. म्हणून पश्चिमेच्या भिंतीच्या खालच्या भागावर जुना रंग खरवडून प्लास्टिकचा जाड कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला दव नव्हते, भिंतही काळी पडली नव्हती. दक्षिणेच्या भिंतीवर खिडकीखाली लावलेल्या कागदाखाली मात्र ओलावा जमला होता. तेथे दरवर्षी कूलरचे पाणी मुरते. ती भिंत फिकीच राहणार असल्याने रंगाची अडचण नाही, पण पुट्टीआधी तिला ओल रोखणारा लेप द्यावा लागेल आणि कूलरचे स्टँड भिंतीपासून हातभर दूर सरकवावे लागेल.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग जुनीच आहे. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, घर तिच्याबरोबर थोडे हलते आणि भेग दरवर्षी उघडते. ती नुसत्या पुट्टीने बुजवली तर पुन्हा दिसणार, म्हणून लवचीक क्रॅक फिलर आणि वर जाळीची पट्टी लावायला सांगितले.

२ फेब्रुवारी

खरवडणे पूर्ण झाले. डिस्टेंपर हाताला पांढरी पूड लागेपर्यंत सुटत असेल तर त्यावर मारलेले इमल्शन त्या पुडीसकट सोलून निघते, म्हणून पत्रीने तळापर्यंत काढून भिंती ओल्या फडक्याने पुसून घेतल्या.

६ फेब्रुवारी

पुट्टीचे दोन हात आणि घासकाम झाले. अंधार पडल्यावर पेंटरांनी बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा फिरवला आणि जेथे सावली पडली तेथे पेन्सिलीने खुणा केल्या, मग तेवढ्याच जागी पुन्हा पुट्टी भरून घासली. पश्चिमेच्या पट्ट्यावर त्यांनी हे आणखी एकदा केले. प्रायमर उद्या.

९ फेब्रुवारी

रंगाचे डबे आणले. ऑफव्हाइटसाठी सुमारे ३७० चौरस फूट भिंत आहे. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांत १०० ते १४० चौरस फूट भिंत होते, म्हणून ४ लिटर पुरतील. गेरूचा पट्टा ५० चौरस फुटांचा असल्याने एक लिटर घेतले.

टिंटिंग मशीनवर दोन्ही शेड तयार होताना पाहिल्या. फिकी शेड पांढऱ्या बेसमध्ये थोडे रंगद्रव्य टाकून होते, आणि त्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असते. प्रकाश वळवण्याची त्याची ताकद फार मोठी असल्याने खालचे सर्व झाकले जाते. गडद शेडसाठी वेगळा, जवळजवळ पारदर्शक बेस लागतो, कारण पांढरे असेल तर शेड गडद होणारच नाही. त्यामुळे अनेक गडद, चटकदार शेड दोन हातांत नीट झाकत नाहीत आणि तिसरा हात लागतो, ही गोष्ट खर्चाच्या अंदाजात लोक धरत नाहीत. गेरूच्या शेडमध्ये रंगद्रव्य लोहाच्या ऑक्साइडचे आहे, जुन्या घरांतील गेरूत होते तेच. ते झाकतेही चांगले आणि उजेडाने सहसा उडत नाही.

चकाकीबाबत तडजोड करावी लागली. पूर्ण मॅट फिनिश भिंतीचे दोष लपवतो, परंतु तेलाचा डाग ओल्या फडक्याने घासला की गडद मॅटवर चकचकीत चट्टा उठतो. म्हणून गेरूसाठी हलक्या चकाकीचे, धुता येणारे इमल्शन घेतले आणि बाकी भिंतींना मॅट.

१३ फेब्रुवारी

छत, खिडकीची कड आणि भिंतींचे दोन हात झाले. लेव्हल पाइपने साडेचार फुटांची रेघ आखून मास्किंग टेप लावली. टेपच्या कडेवर आधी ऑफव्हाइटचाच एक पातळ हात फिरवला, म्हणजे टेपखालून झिरपायचे ते ऑफव्हाइटच झिरपते, आणि त्यावर गेरू मारला. टेप रंग पूर्ण वाळण्याआधी ओढली. रेघ सरळ आली आहे. गेरूला दोन हात पुरले.

१६ फेब्रुवारी

पलंग लावला. गेरूवरून परतणारा उजेड त्याच्या लगतच्या ऑफव्हाइटला थोडी पीचसारखी झाक देतो, आणि ती झाक वर जाता जाता विरते. चारही भिंतींना गेरू असता तर हीच झाक एकमेकींवर पडून रंग शेडकार्डापेक्षा कितीतरी भडक झाला असता.

एक राहिलेली गोष्ट आज आईच्या वावरण्यावरून कळली. पांढरा स्विचबोर्ड ऑफव्हाइट भिंतीवर तिला पटकन सापडत नाही. कमी दिसणाऱ्यांसाठी शेजारच्या दोन पृष्ठभागांच्या एलआरव्हीमध्ये किमान ३० चा फरक असावा, असा संकेत इमारतींच्या ब्रिटिश मार्गदर्शक मानकांत आहे. दाराची चौकट १५ आणि भिंत ७५, फरशी ३० आणि भिंत ७५, या कडा त्या कसोटीला उतरतात. स्विचबोर्ड मात्र ८५ आणि भिंत ७५ असा आहे. उरलेल्या गेरूची दोन बोटे रुंद चौकट स्विचबोर्डाभोवती काढून घेतली, आणि दाराला काळा मूठदांडा बसवला.

२२ मार्च

गच्चीचा पांढरा लेप आणि पश्चिमेची बाहेरची भिंत पूर्ण झाली. कूलर लागला. स्टँड आता भिंतीपासून हातभर दूर आहे आणि पाण्याचा निचरा नळीने अंगणातील झाडाकडे वळवला आहे.

२७ मे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे. कालपरवा सूर्य डोक्यावर आला तेव्हा भरदुपारी, कूलर चालू आणि पडदा अर्धा ओढलेला असताना खोली मुद्दाम पाहिली. उजेड अपेक्षेप्रमाणे छतावरून खाली येत होता, आणि आई दिवा न लावता खिडकीशेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होती. पलंगावर मात्र या दिवसांत दुपारीही वाचनाचा दिवा लागतो. तेथे उजेड कमी पडण्यात गेरूचा वाटा असला, तरी खिडकीपासूनचे अंतर आणि कूलर यांचा वाटा अधिक आहे. पट्टा पुसून टाकावा इतके हे कारण मोठे नाही असे आईचेही मत पडले. गेरूवर अजून खार नाही. खिडकीच्या कोपऱ्यातील भेगेवर केसासारखी बारीक रेघ उमटली आहे, ती पावसाळ्यानंतर पुन्हा पाहायची.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर पाट्या पुन्हा एकदा आईसमोर ठेवायच्या आहेत, कारण त्यानंतर बैठकीच्या खोलीचे काम घ्यायचे आहे. उरलेले ऑफव्हाइट लहान डब्यात काठोकाठ भरून घट्ट बंद केले आहे, आणि डब्यावर शेडचा क्रमांक, बेस, बॅच, फिनिश आणि मारल्याची तारीख लिहून तो जिन्याखालच्या सावलीतल्या कपाटात ठेवला आहे. गेरूचा डबा त्याच्या शेजारी आहे. पलंगामागच्या पट्ट्यावर पुढे कधी दुरुस्ती लागली, तर मधेच ठिगळ न लावता पट्ट्याची पूर्ण रुंदी एका दमात मारायची, असे पेंटरांनी सांगून ठेवले आहे, कारण गडद रंगात ठिगळाची कड दिसते.